चोणक कुणाला म्हणायचे?

शापोरा नदीकाठच्या मानशीवर, म्हणजे बांधातल्या भरती-ओहोटीच्या दारावर, उधाणाच्या रात्री जाळ्यात आलेला चोणक हातात घ्यायचा तर आधी त्याचा गाल सांभाळावा लागतो. कल्ल्याच्या झाकणाला लागून जे हाड असते त्याची कड करवतीसारखी दातेरी असते आणि खालच्या कोपऱ्यात एक जाड काटा मागे वळलेला असतो. ओल्या हाताने तिथे धरले की बोट कापलेच. बर्लिनचा वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लॉख याने १७९० साली या माशाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यालाही हाच काटा डोळ्यांत भरला. 'कॅल्कॅरिफर' या लॅटिन शब्दाचा अर्थ घोडेस्वाराच्या टाचेला असतो तसला काटा बाळगणारा. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. एकाच काट्यावरून एकच मासा बर्लिनच्या टेबलावर ओळखला गेला आणि पेडण्याच्या चिखलातही ओळखला जात होता. पण ओळखण्याची गरज दोन्हीकडे सारखी नव्हती. ब्लॉखला संग्रहातल्या नमुन्यांची यादी लावायची होती. नदीकाठच्या माणसाला हा मासा दुसऱ्यापासून वेगळा का काढावा लागला, हा प्रश्न मत्स्यशास्त्राइतकाच इतिहासाचा आहे. माझे म्हणणे असे की ही ओळख नुसत्या तीक्ष्ण नजरेतून आली नाही. ती खाजणाच्या शेतीतून, मानशीतून आणि मानशीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून, आली. ज्या माशात कुणाचा तरी पैसा गुंतला होता तो मासा बारकाईने ओळखला गेला, आणि ज्यात गुंतला नव्हता त्यांना एका नावाखाली घालून भागवले गेले.

आधी गोंधळ होऊ शकतो असे मासे कोणते ते पाहू. तेरेखोल, शापोरा आणि मांडवी या नद्यांच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात एकाच दगडाच्या आडोशाला, एकाच कांदळवनाच्या मुळांत तीन मोठे शिकारी मासे दबा धरून बसतात: चोणक, तामसो आणि गोबरो. तिघांचे तोंड मोठे, अंग भरीव, पाठीवर काटे. गढूळ पाण्यातून अर्धवट वर आलेल्या माशाची नुसती आकृती पाहून फसायला होते. जवळून पाहिले तर फरक स्पष्ट आहेत. चोणकाचे कपाळ डोळ्याच्या वर आत दबलेले असते, खालचा जबडा पुढे आलेला असतो, तोंडाची फट डोळ्याच्या मागेपर्यंत जाते आणि शेपूट पंख्यासारखी गोल असते. पाठीवरच्या परात काटेरी भाग आणि मऊ भाग यांच्यामध्ये इतकी खोल खाच असते की दोन वेगळे पर असल्यासारखे वाटते. अंग चांदीसारखे, आणि रात्री उजेड पडला की डोळा निखाऱ्यासारखा चमकतो. तामसोला आपल्याकडे उत्तरेला तांबोशी म्हणतात. त्याचा रंगच नावात आहे. त्याच्या जबड्यात पुढे सुळे असतात, पाठीवरचा पर अखंड असतो, शेपटीची कड जवळजवळ सरळ. गोबऱ्याची शेपूट चोणकासारखीच गोल, पण खवले बारीक आणि कातडीत रुतलेले, अंगावर ठिपके किंवा पट्टे, आणि पाठीवरचा पर एका सलग रेषेत. मोठ्या माशांत हे सगळे दिसते. खरी पंचाईत पिल्लांची. चोणकाचे पिल्लू चांदीचे नसतेच. ते तपकिरी, डागाळलेले असते आणि कपाळावरून पाठीकडे पांढरा पट्टा गेलेला असतो. तामसोच्या पिल्लाच्या अंगावरही फिकट आडवे पट्टे असतात. बोटभर लांबीच्या या दोघांत ज्याला फरक कळतो त्यालाच मासा कळतो, असे म्हणायला हरकत नाही.

आता याच माशांना बाहेरच्या जगाने काय म्हटले ते पाहा. इंग्रजीतला 'बास' हा शब्द माशाच्या घराण्याचा नाही, ठेवणीचा आहे. युरोपच्या किनाऱ्यावरचा बास, ज्याला पोर्तुगीज रोबालो म्हणतात, तो एका कुळातला. अमेरिकेच्या तळ्यांत गरी टाकून धरतात ते मोठ्या आणि लहान तोंडाचे बास दुसऱ्याच कुळातले. आपला चोणक 'एशियन सी बास', म्हणजे तिसऱ्या कुळातला. अमेरिकन गळकरी तिकडच्या या दोन बासांत फरक करतो तो वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्या मागे जाते की डोळ्याखालीच थांबते यावरून. खूण चांगली आहे, पण ती लागते कारण नावानेच आधी दोघांना एकत्र बांधले. ऑस्ट्रेलियात 'बारामुंडी' हा मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द पूर्वी नदीतल्या दुसऱ्याच मोठ्या खवल्यांच्या माशाला लावला जाई, आणि पुढे तो चोणकाला चिकटला. ब्रिटिश कलकत्त्यात याच माशाला 'कॉकअप' म्हणत, आणि तो शब्द मलय भाषेतल्या 'काकाप'वरून आलेला. बंगाली भेटकी, मल्याळी नरीमीन, तमिळ कोडुवा, रायगडचा जिताडा: एका माशाला किनाऱ्यागणिक नाव. या उलट एका 'बास'खाली कितीतरी मासे. गोव्यातली नावे या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतात, ते ठरवायला खाजणाकडे जावे लागते.

खाजण म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीखालची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली शेतजमीन. गोव्यात अशी जमीन साधारण १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते. ही पद्धत फार जुनी आहे. बांदोड्याला सापडलेल्या अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात, म्हणजे सहाव्या शतकाच्या आसपास, 'खज्जन' जमिनीचे दान आणि तिथे बांध घालून शेत करण्याचा उल्लेख येतो. बांधात जिथे नाला नदीला मिळतो तिथे मानस असते. जांभ्या दगडाच्या भिंतीत लाकडी दारे अशी बसवलेली की भरतीच्या पाण्याने आपोआप मिटावीत आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडावीत. पावसाळ्यात आत कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पिकते. कापणी झाली की भरतीचे पाणी हिशेबाने आत घेतले जाते आणि त्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंदर, खेकडे आणि माशांची पिल्ले येतात. मानशीच्या आतल्या खोल डबक्यात, पोंयेत, ती वाढतात. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांना ओहोटीच्या वेळी दारापाशी पिशवीसारखे जाळे लावायचे आणि पाण्याबरोबर बाहेर पडणारा माल गोळा करायचा. भांगाच्या दिवसांत पाणी मंद, म्हणून तेव्हा विश्रांती. हा मासे धरण्याचा हक्क दर वर्षी किंवा ठरावीक मुदतीने पावणी करून दिला जातो, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी मूळची रीत. म्हणजे मानस एकाच वेळी धरण, शेताचा पहारेकरी आणि गावाचा महसूल होती.

या व्यवस्थेत चोणक दोन्ही बाजूंनी मोजला जातो. मानशीचे रोजचे उत्पन्न कोळंबीवर चालते, आणि चोणक कोळंबीखाऊ आहे. बोलीची रक्कम भरून बसलेल्याच्या पोंयेत चोणकाची पिल्ले जास्त शिरली तर तो कोळंबी गमावतो. तीच पिल्ले नीट वाढली तर हंगामाच्या शेवटी सगळ्यांत महाग मासाही तोच असतो. तामसोही शिकारी, पण तो पोंयेत फार काळ टिकून वाढणारा नव्हे. मोठा झाला की नदी सोडून खोल समुद्रातल्या खडकांकडे जातो. गोबऱ्याला आडोसा, दगड आणि भोके लागतात. चिखलाच्या उघड्या डबक्यात त्याचे जमत नाही. म्हणून ज्याने हक्क विकत घेतला त्याला पट्ट्यांची पिल्ले पाहून अंदाज बांधावा लागतो: यातला तोटा कोणता आणि नफा कोणता. रात्री मानशीवर कंदील धरून जाळे उपसणाऱ्याला डोळ्याची लकाकी उगीच ठाऊक नसते. इतरत्र हौशी गळकऱ्याला जे ज्ञान फुरसतीने येते, ते इथे बोलीच्या दडपणाखाली आले.

या विधानाचा पुरावा नावांतच आहे. 'चोणक' या शब्दाखाली गोव्यात एकच जात येते. 'गोबरो' या शब्दाखाली एकाच प्रजातीचे नाव नाही. ठिपक्यांचे, पट्ट्यांचे, तपकिरी असे अनेक प्रकार त्यात येतात. 'शेवटो', ज्याला आज गोव्याचा राज्यमासा म्हणून मान आहे, हे नावही एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींना लागू पडते. त्या जाती वेगळ्या करायला शास्त्रज्ञाला खवल्यांच्या ओळी आणि डोळ्यावरची चरबीची पापणी पाहावी लागते. शेवटे कांदळातल्या चिखलावरचे शेवाळ खातात, कोळंबी खात नाहीत, आणि बाजारात टोपलीच्या भावाने जातात. त्यांच्यातला भेद कुणाला पैशांत मोजावा लागला नाही, म्हणून तो नावात उतरला नाही. जिथे भेदाची किंमत होती तिथे शब्द काटेकोर आहे; जिथे नव्हती तिथे शब्द सैल आहे. हा योगायोग मानणे मला कठीण वाटते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. चोणकाला एकच नाव आहे कारण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वंशाची एकच जात आहे; निसर्गानेच काम सोपे केले, मानशीला त्याचे श्रेय कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. त्या वंशातल्या दुसऱ्या जातींशी इथे गाठ पडत नाही, हे खरे. पण नावाची काटेकोरी दोन भाऊ वेगळे करण्यातच असते असे नाही. दोन परके वेगळे ठेवण्यातही असते. इंग्रजीने परक्यांना 'बास' आणि 'पर्च' या दोन पिशव्यांत कोंबले. गोव्याच्या नदीकाठाने तसे केले नाही. शिवाय चोणकाचा एक खरा जवळचा नातेवाईक आहे, 'सॅमोपर्का' नावाचा. तो दिसायला लहान चोणकासारखाच, लाल चमकणाऱ्या डोळ्यांचा. त्याच्या गालाची खालची कड दातेरी नसते, तोंडाची फट डोळ्याखालीच संपते, आणि जिभेवर बारीक दाणेदार दात असतात. चोणकाची जीभ गुळगुळीत. पण तो समुद्रातल्या खडकांचा मासा, नदीच्या मानशीवर येणारा नव्हे. आणि मानस जे दाखवत नाही त्याचे वेगळे नाव नदीकाठी असण्याचे कारणही नाही. नावाची सीमा मानशीच्या दाराशी आखली गेली होती, असेच यातून दिसते.

दुसरा आक्षेप इतिहासकाराचा. गोव्यातल्या गावकऱ्यांचे जुने दस्तऐवज, १५२६ सालचे अफोन्सो मेशियाचे फोराल (सनद) धरून, तिसवाडीसारख्या जुन्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी घेतलेल्या मुलखातले आहेत. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादी. डिचोली १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पेडणे १७८८ ला पोर्तुगिजांकडे आले. त्याआधी तिथे भोसल्यांची मराठी दप्तरे होती, आणि जमिनीवर देसाई, इनामदार आणि देवस्थाने यांचे हक्क गावकरीइतकेच भारदस्त होते. मग जुन्या काबिजादीतली मानशीची व्यवस्था इथे लावून निष्कर्ष काढणे योग्य का? उत्तर असे की व्यवस्थेची कागदोपत्री मालकी बदलली तरी तिचे यंत्र बदलले नाही. नार्व्याजवळ मांडवीला लागून असो की पार्शे-आगरवाड्याकडे शापोऱ्याच्या काठी, बांध, दार, पोंय आणि उधाण हे सगळे पाण्याच्या नियमाने चालते. देसायाची मानस आणि कोमुनिदादची, म्हणजे गावकरीची, मानस एकाच ओहोटीला उघडते. उलट सीमेवर असल्यामुळेच इथला पुरावा जास्त बोलका आहे. शापोरा दोडामार्गातून तिळारी या नावाने उतरते आणि तेरेखोल बांद्याकडून येते. माणसे आणि मासे दोन्ही राज्यकारभारांच्या आरपार जात होते. तरी चोणक, तामसो, गोबरो ही त्रयी राज्य बदलल्याने विस्कटली नाही. राजवट बदलली की कराचे नाव बदलते. माशाचे नाव बदलायला मासा धरण्याची रीत बदलावी लागते.

तिसरा आक्षेप आजच्या काळातला आणि सर्वांत जोरकस. आता शास्त्र आहे, गुणसूत्रे तपासता येतात. मग नदीकाठच्या नजरेची गरज काय? शास्त्राचा मान ठेवूनही इथे त्याच्या चुकांचा इतिहास आठवावा लागतो. ब्लॉखने आपला नमुना जपानचा असल्याचे लिहिले, आणि ते ठिकाण पुढे चुकीचे मानले गेले. जपानात खरोखर जो मासा होता त्याला तिथले कोळी 'आकामे', म्हणजे लाल डोळ्यांचा, म्हणत आले. शास्त्राने त्याला चोणकच मानले होते. तो वेगळी जात आहे हे १९८४ साली कातायामा आणि ताकी यांनी दाखवले. भारतातल्या माशांवरचा मोठा ग्रंथ फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या वर्षांत प्रसिद्ध केला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे आपल्या समुद्राच्या आसपासचा असा प्रत्येक मासा एकाच नावाखाली राहिला. मग २०१२ साली रोहन पेथियागोडा आणि अँथनी गिल यांनी श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची आणि म्यानमारमधली अशा दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या. श्रीलंकेची जात त्यांनी कशावरून ओळखली? बाजूच्या रेषेवरचे खवले मोजून, पाठीच्या काट्यापासून त्या रेषेपर्यंतच्या ओळी मोजून, आणि गालाच्या कडेवरचे दाते मोजून. ब्लॉखच्या काट्यापासून दोनशे वर्षांनी शास्त्र पुन्हा त्याच गालाशी आले. यातून शास्त्र कच्चे ठरत नाही. ते चुका दुरुस्त करते, आणि दुरुस्त करायला त्याला आधी कुणीतरी वेगळा मासा समोर ठेवावा लागतो. तो वेगळेपणा अनेकदा आधी नदीकाठच्या बोलीत जगत असतो.

आणि ओळखण्यावर काय अवलंबून आहे ते शास्त्रानेच स्पष्ट केले आहे. चोणक जन्मतः नर असतो. काही वर्षे नर म्हणून जगून मोठा झाला की मादी होतो. गोबऱ्याचे उलटे. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. तामसोत असा बदल होत नाही. या एका गोष्टीचा परिणाम गरीच्या टोकापर्यंत पोचतो. मोठा चोणक नेला की नदीमुखाशी अंडी घालणारी मादी गेली. मोठा गोबरो नेला की नर गेला. 'लहान सोडा, मोठा धरा' हा सरसकट नियम दोघांना सारखा लावला तर दोघांनाही दोन वेगळ्या तऱ्हेने मार बसतो. मासा न ओळखता केलेले संरक्षण म्हणूनच अपुरे पडते. खाजणाच्या जुन्या रीतीत पोंयेतले लहान-मध्यम चोणक धरले जात आणि नदीत राहिलेल्या मोठ्यांना गरी किंवा जाळे क्वचित पोचे. हे कुणी प्रजननशास्त्र वाचून ठरवले नव्हते. पण धरण्याचे हे विभाजन आपोआपच त्या जातीला सोसणारे होते.

मग आज काय बिघडले? खाजणाला भावनेच्या भरात सुवर्णयुग ठरवण्याचे कारण नाही. पावणीचा पैसा ज्यांच्या हाती जाई आणि जाळे ज्यांच्या हाती असे, ते बहुधा वेगळे लोक होते. ज्ञान मात्र जाळ्याच्या बाजूला होते. कोळंबीचा भाव भाताच्या भावापेक्षा वर गेला तेव्हा काही ठिकाणी खारे पाणी शेतात जास्त दिवस ठेवले गेले, काही बांध फुटले आणि काही मुद्दाम फोडले गेले. शेत पडीक पडले की मानस फक्त मासे धरण्याचे भोक उरते, आणि तिची देखभाल कुणाच्या हिताची राहत नाही. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणींतला गाळ पावसाबरोबर नाल्यांतून शेतात आणि नदीत येत राहिला. २०१२ साली खाणी थांबल्या, तरी साचलेला गाळ तसाच राहिला. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्याच्या खाजणांना खास संरक्षण दिले, पण अधिसूचना बांध घालत नाही. दुसरीकडे चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेने १९९७ मध्ये चोणकाचे बंदिस्त प्रजनन साधले. आज पिंजऱ्यात आणि तळ्यात वाढवलेला चोणक बाजारात येतो. ही चांगलीच गोष्ट आहे. नदीवरचा भार हलका होतो. पण हॅचरीतून पिल्लू विकत आणणाऱ्याला ते ओळखावे लागत नाही. पिशवीवर नाव छापलेले असते. आणि नव्या गळकऱ्याच्या तोंडी चोणक बारामुंडी झाला आहे, तामसो मँग्रोव्ह जॅक झाला आहे. हे शब्द दुसऱ्या किनाऱ्यावर तयार झाले आणि त्यांना आपल्या मानशीची खबर नाही.

म्हणून पेडण्या-डिचोलीच्या नद्यांत मासा ओळखण्याच्या कलेला जपायचे असेल तर चित्रांचा तक्ता छापून भागणार नाही. तक्ता उपयोगी आहे. त्यात गोल शेपूट, खाच असलेला पाठीवरचा पर आणि दातेरी गाल नीट दाखवता येतात, आणि नवख्याला तेवढे पुरते. पण पट्ट्यांचे बोटभर पिल्लू पाहून हे काय आहे आणि याचे काय होणार, हे सांगणारी नजर चालू मानशीभोवतीच तयार होते. तिथे त्या उत्तराला किंमत असते. पडीक शेतातल्या मोडक्या मानशीत भरतीचे पाणी आजही येते, पिल्लेही येतात. दार मात्र मिटत नाही, म्हणून पोंय भरत नाही, म्हणून पावणी होत नाही. आणि पावणी नाही त्या गावात चोणक कोणता आणि तामसो कोणता, हे विचारायची कुणाला गरज पडत नाही. नाव त्या दाराच्या बिजागरीला टांगलेले असते.